आधी किल्ली

मामांच्या चपला दोन वर्षांत पाच वेळा चोरीला गेल्या. पाचव्यांदा गेल्यावर ते नव्या चपला उशाला घेऊन झोपू लागले. खाली चपला, वर घडी घातलेला टॉवेल, त्यावर डोकं, आणि पिशवीचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेला. चपलांची किंमत दीडशे रुपये. पण अनवाणी माणसाला केटरिंगचा मुकादम टेम्पोत चढू देत नाही, म्हणजे चपलांबरोबर त्या रात्रीची पाचशे रुपयांची मजुरीही गेली. मध्य रेल्वेच्या एका पुलाखाली बसून त्यांनी हा हिशोब सांगितला, तेव्हा माझ्या वहीत मी ‘बेघर, बेरोजगार’ असं आधीच लिहून ठेवलं होतं.

‘‘काय लिहिलं?’’ त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

‘‘बेरोजगार खोडा. लग्नसराईत महिन्याला वीस-बावीस रात्री भरतात माझ्या.’’

पुलाखाली सगळे त्यांना मामाच म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणतो. मराठवाड्यातून वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईत आले, एका हॉटेलात टेबलं पुसायला लागले, पुढे भट्टीवर गेले. रात्री शटर ओढलं की बाकडी बाजूला सारायची आणि तिथेच पथारी टाकायची. जेवण हॉटेलचं, आंघोळ मोरीत, ट्रंक माळ्यावर. पंचवीस वर्षांत त्यांनी भाड्याची खोली घेतली नाही, कारण तशी वेळच आली नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, हॉटेल बंद झालं, आणि उघडलं तेव्हा तिथे मोबाईलचं दुकान होतं. नोकरी गेली त्याच दिवशी घरही गेलं. बेकरीतला कारागीर, जिन्याखाली झोपणारा वॉचमन, इमारतीच्या साइटवर पत्र्याच्या खोपट्यात राहणारं बिगाऱ्याचं कुटुंब, मालकिणीच्या स्वयंपाकघरात झोपणारी बाई, या सगळ्यांचा पगार आणि पथारी एकाच दोरीला बांधलेली असते. ती दोरी तुटली की माणूस रस्त्यावर येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मिळेल ते काम करू लागतो. न करून सांगतो कुणाला?

म्हणून ‘बेघर माणसाला पुन्हा कामाला कसं लावायचं’ हा आपल्याकडे निम्मा चुकलेला प्रश्न आहे. काम असतं. ते टिकत नाही आणि त्यातून काही उरत नाही. का उरत नाही ते मामांच्याच खर्चात बघा. सकाळी शौचालयाचे पाच, आंघोळीचे वीस. मोबाईल चार्ज करायला पानवाल्याला दहा. तो मोबाईल चार्ज झालाच पाहिजे, कारण मुकादमाचा फोन त्यावर येतो. चूल नाही, त्यामुळे दोन्ही वेळा बाहेरचं खाणं. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद, तोही महापालिकेची गाडी आली की जातो. पैसे साठवायचे तर अंगावर बाळगायचे, आणि झोप गाढ लागली की तेही जातात. त्यामुळे मामा झोपतच नसत म्हणा ना, रात्रभर डुलक्या. अर्धवट झोपेतल्या माणसाच्या हातून उकळत्या तेलाचा झारा सुटतो, तो त्यांच्याही हातून सुटला होता. पायावर खूण आहे.

फुटपाथ आणि काम यांचं नातं न्यायालयात एकदा अगदी स्पष्ट मांडलं गेलं होतं. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथांवरची वस्ती हटवून तिथल्या लोकांना ज्याच्या त्याच्या गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि पदपथावर राहणारे काही रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ ला निकाल दिला: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ही माणसं फुटपाथवर राहतात कारण तिथून काम जवळ आहे. तिथून उठवलं की कामही जातं. भारतातला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा निकाल शिकतो. निकालाचा शेवट मात्र फारसा कुणी सांगत नाही. झोपड्या हटवायला न्यायालयाने परवानगीच दिली होती. फक्त त्या वर्षीचा पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, असं सांगितलं होतं.

दुसरीकडे १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी पसरट आहे की हात पसरण्याचीही गरज नाही. उपजीविकेचं काही साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतोय, एवढ्यावर वॉरंटशिवाय उचलता येतं, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. ८ ऑगस्ट २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती. लग्नाच्या हॉलवरून पहाटे परतणाऱ्या, अंगाला मसाल्याचा वास येणाऱ्या, दाढी वाढलेल्या माणसाच्या उपजीविकेचं साधन कुणाला कसं दिसणार?

अशी माणसं किती? २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे प्रगणक रस्त्यावर उतरले होते. पदपथ, उड्डाणपुलाखाली, ह्यूम पाइपात, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर जो सापडला तो मोजला. देशात १७ लाख ७० हजारांहून जास्त, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर. एका रात्रीची मोजणी ती. त्या रात्री मामांसारखे लोक वाढपी म्हणून दुसऱ्याच्या मांडवात उभे असले, तर ते बेघरांत मोजले गेले असतील का, ही शंका मला या आकड्यांबद्दल कायम वाटत आली आहे.

आता मदतीकडे येऊ. पुलाखाली येणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्तीला सगळे ताई म्हणतात, मामाही. वयाने ती त्यांच्या मुलीएवढी. पहिल्या भेटीत तिने कामाचं विचारलं नाही, दारूचंही नाही. विचारलं, ‘‘मामा, कागद काय काय आहेत?’’ काहीच नव्हते. ट्रंक हॉटेलच्या माळ्यावर राहिली होती, ती कुणी भंगारात घातली असेल. आधारचा नंबर पाठ नव्हता, त्याला जोडलेला मोबाईल नंबर केव्हाच बंद पडलेला.

कागदांचं हे चक्र बाहेरून बघणाऱ्याला विनोदी वाटतं. काम द्यायला ओळखपत्र लागतं, ओळखपत्राला पत्ता लागतो, पत्त्याला खोली लागते, खोलीला डिपॉझिट लागतं, आणि डिपॉझिटला काम. पण या चक्राला फटी आहेत आणि त्या सरकारनेच ठेवल्या आहेत. ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याच्यासाठी आधारच्या नियमांत परिचयदात्याची सोय आहे. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाने फोटोसह दिलेला दाखलाही चालतो. बँकेत ‘छोटं खातं’ उघडता येतं: अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही-अंगठा द्यायचा, बस. त्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला १० हजारांहून जास्त काढता येत नाहीत. पण उशाखालच्या पैशांपेक्षा ते हजारपट बरं.

या सगळ्यात मला आवडणारा नियम निवडणूक आयोगाचा आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीच्या ६ क्रमांकाच्या अर्जात आपण झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. मग मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे जाऊन बघतो की हा माणूस खरंच इथे झोपतो का; आणि एकदा नव्हे, एकाहून अधिक रात्री. तो तिथे सापडला तर पत्त्याचा दुसरा पुरावा मागायचा नाही. माणसाचं झोपणं हाच पुरावा मानणारा दुसरा सरकारी कागद मला ठाऊक नाही. अडचण एवढीच की हा नियम ज्यांच्यासाठी आहे त्यांना तो माहीत नसतो, आणि पुष्कळदा खिडकीपलीकडच्या माणसालाही नसतो. ताईच्या पिशवीत अशा नियमांच्या झेरॉक्स असतात. वाद घालायचा नाही, झेरॉक्स पुढे सरकवायची, हे तिचं तंत्र.

मामांच्या आधारच्या दुसऱ्या प्रतीला सात खेपा लागल्या. चार खेपांत बोटांचे ठसेच उमटेनात. पंचवीस वर्षं भट्टीवर आणि भांड्यांच्या राखेत घासलेली बोटं. शेवटी डोळ्यांवर काम भागलं.

मग निवारा. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. निवारा बाराही महिने, चोवीस तास उघडा, माणशी निदान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, सामान ठेवायला कुलपाचं कपाट. योजना वाचताना मन भरून येतं. मामा ज्या निवाऱ्यात गेले तिथे दार रात्री दहाला बंद होई आणि सकाळी आठला सगळ्यांना बाहेर काढत. मामांचं काम संध्याकाळी पाचला सुरू होऊन रात्री दीडला संपणारं. म्हणजे निवारा हवा तर काम सोडा, काम हवं तर निवारा सोडा. चौथ्या रात्री ते पुलाखाली परतले आणि निवाऱ्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘स्वेच्छेने निघून गेले’ अशी नोंद झाली.

असं ‘स्वेच्छेने’ निघून जाणं जगभर आहे, आणि त्याचा नीट विचार न्यू यॉर्कमध्ये झाला. सॅम त्सेम्बेरिस हे तिथल्या बेलव्ह्यू रुग्णालयाशी संबंधित मानसशास्त्रज्ञ. रस्त्यावरच्या मानसिक रुग्णांना आणायचं, उपचार करायचे, आणि काही दिवसांनी तीच माणसं पुन्हा त्याच कोपऱ्यावर दिसायची. तोपर्यंतची पद्धत जिन्यासारखी होती. आधी दारू सोडा, औषध घ्या, मग सामूहिक निवारा, मग देखरेखीखालची खोली, आणि सगळ्या पायऱ्या चढलात तर शेवटी स्वतःचं घर. एका पायरीवर घसरला की पुन्हा तळाशी. १९९२ साली त्सेम्बेरिस यांनी ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था काढून जिना उलटा केला. पहिल्या दिवशी घराची किल्ली द्यायची. अटी दोनच: मिळकतीच्या ३० टक्के भाडं, आणि संस्थेच्या माणसाला नियमितपणे दार उघडायचं. दारू सोडली नाही म्हणून घर काढून घ्यायचं नाही. लोकांनी वेड्यात काढलं. पण दोन वर्षांनी मोजलं तेव्हा दहापैकी साधारण आठ जण घरात टिकलेले होते.

फिनलंडने हेच देशपातळीवर केलं. २००७ साली चार जाणकारांच्या गटाने सरकारला अहवाल दिला. त्याच्या नावाचा अर्थ ‘दारावर नाव’. त्यानंतर निवारे पाडून किंवा बदलून तिथे भाड्याच्या खोल्या केल्या. हेलसिंकीत १९८५ साली निवाऱ्यांत आणि वसतिगृहांत दीड हजारांहून जास्त खाटा होत्या. २०१६ मध्ये ५२ उरल्या. खाटा कमी झाल्या म्हणून आनंद मानणारं ते एकच शहर असेल. त्या देशात १९८० च्या दशकात बेघरांची संख्या पंधरा हजारांच्या वर होती, ती चार हजारांच्या खाली आली. पण घरभाड्याचं अनुदान आणि समाजकल्याणाचा खर्च कापला गेल्यावर २०२४ मध्ये तो आकडा पुन्हा थोडा वर चढला.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही, कारण या पद्धतीचे भक्त ती लपवतात. २००९ ते २०१३ या काळात कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांवर लोकांना घेऊन मोठा प्रयोग केला. शेवटच्या सहा महिन्यांत ज्यांना आधी घर मिळालं त्यांच्यातले ६२ टक्के पूर्णवेळ घरात होते, बाकीच्यांतले ३१ टक्के. घराच्या बाबतीत निकाल लागला. पण कामाच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घर मिळालं म्हणून नोकरी आपोआप चालत आली नाही. नोकरीसाठी वेगळा माणूस, वेगळी मेहनत लागते. त्याचीही पद्धत तोवर तयार होती, आणि गंमत म्हणजे तीही उलटीच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ती बसवली. आधी महिनोन्‌महिने प्रशिक्षण, टोपल्या विणणं, मग नोकरी, हा क्रम त्यांनी सोडला. माणसाला हवी ती खरी, पगाराची नोकरी आधी शोधायची, आणि शिकवणं, सांभाळणं, मालकाशी बोलणं हे नोकरी लागल्यावर चालू ठेवायचं. जुन्या पद्धतीपेक्षा साधारण दुप्पट लोक कामाला लागले.

हे सगळं वाचताना मला राहून राहून धोबी तलावची आठवण येते. मुंबईत आलेल्या गोवेकरांनी शंभर वर्षांपूर्वीच आपल्या गावाच्या नावाने ‘कूड’ चालवल्या होत्या; जेर महाल इमारतीत त्या अजून आहेत. गावाचा माणूस बोटीवरून उतरला की कुडीत यायचा. भिंतीला ओळीने पेट्या, प्रत्येकाची एक. जमिनीवर पथारी, एका टोकाला अल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. भाडं नाममात्र. पुढची बोट मिळेपर्यंत खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे राहायचा, आणि कुठल्या बोटीवर भरती आहे ही बातमी त्याला तिथेच कळायची. कोकणातल्या आणि घाटावरच्या गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्याही अशाच: दरमहा वर्गणी, पाळीप्रमाणे झोप, शेजारच्या बाईकडे खाणावळ, आणि गावाहून आलेलं पत्र हमखास पोचेल असा पत्ता. पेटी ठेवायला जागा, पत्रासाठी पत्ता, कामाची बातमी, आणि नोकरी सुटली तरी न सुटणारी पथारी. त्सेम्बेरिस यांच्या कितीतरी आधी मुंबईने ही चारही एका खोलीत बसवली होती. तिथे किल्ली मात्र गावाच्या नावावर मिळे. ज्याला गाव नाही, जात आडवी येते, जी बाई एकटी आहे, त्यांच्यासाठी फुटपाथच होता.

त्या उरलेल्यांसाठी आपल्याच देशात घडलेलं काम चेन्नईचं आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये ‘द बनियन’ सुरू केली, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण बायकांसाठी. उपचारांनंतर बऱ्याच जणी घरी गेल्या. पण काहींना घरच उरलं नव्हतं, त्या वर्षानुवर्षं संस्थेतच अडकल्या. २०१५ पासून संस्थेने साध्या वस्तीत साधी घरं भाड्याने घेतली. चार-पाच जणी एका घरात, मदतीला एक बाई. काय शिजवायचं, टीव्हीवर काय लावायचं, दाराला कुलूप कुणी घालायचं, ते त्या ठरवतात. काही जणी कामाला जातात, काही जात नाहीत. शेजारी सुरुवातीला कुरकुरतात आणि दिवाळीला फराळाची ताटं येतात-जातात.

मामांच्या बाबतीत ताईने यातलं थोडं थोडं सगळं वापरलं. डिपॉझिटचे वीस हजार संस्थेने बिनव्याजी दिले, महिना हजार फेडायचे. खोली कल्याण पूर्वेला एका चाळीत, दोघांत मिळून. आधी मालक करार करायला तयार नव्हता. तोंडी व्यवहार सगळ्यांनाच सोपा वाटतो, पण महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं १९९९ चा कायदा सांगतो, आणि नोंदलेला करार हाच मामांचा पहिला पत्ता होणार होता. ताईने झेरॉक्स पुढे सरकवली.

पण कल्याणहून केटरिंग जमेना. काम दीडला संपतं आणि शेवटची लोकल त्याआधीच निघून गेलेली असते. मामा पुन्हा आठवड्यातून चार रात्री पुलाखालीच. हा घोळ आपण आधी ओळखायला हवा होता, असं ताई म्हणते. मला वाटतं तो १९८५ पासून ऑल्गा टेलिस यांच्या खटल्याच्या निकालपत्रात लिहिलेला आहे. मग डोंबिवलीच्या एमआयडीसीत कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सकाळची पाळी मिळाली. पगार केटरिंगच्या भरात मिळायचा त्यापेक्षा कमी, पण बँकेत जमा होणारा. पहिले दोन महिने ताई दर शनिवारी कॅन्टीनच्या सुपरवायझरला फोन करायची. ‘‘मामा काय म्हणतात?’’ एवढंच. तो सांगायचा, भाजी चांगली करतात, पण कुणी आवाज चढवला की झारा टाकून बाहेर जाऊन बसतात. तेव्हा त्यांना कोपऱ्यातल्या पोळ्यांच्या तव्याकडे दिलं.

तिसऱ्या महिन्यात पुलाखालचा जुना सोबती खोलीवर आला आणि मामा नऊ दिवस कामावर गेले नाहीत. दारू. पूर्वी असं झालं की ते दुसऱ्या पुलाखाली निघून जात आणि महिनाभर कुणाला दिसत नसत. या वेळी ताईला कुठल्या दारावर थाप मारायची ते ठाऊक होतं. ती दोनदा गेली. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा उघडलं. कॅन्टीनने नऊ दिवसांचा पगार कापला, तव्याची जागा राखली.

त्यानंतर मी एकदाच त्यांच्या खोलीवर गेलो. दाराबाहेर शेजाऱ्यांच्या चपलांची रांग होती. मामांच्या आत होत्या, खाटेखाली, भिंतीला टेकवून. मी त्याबद्दल काही बोललो नाही. चहा ठेवत असतानाच त्यांनी सुपरवायझरला फोन लावला, उद्या अर्धा तास उशीर होईल म्हणून. तिकडून कारण विचारलं असणार.

‘‘अहो, नळाला पाणी आता सहाला यायला लागलंय,’’ मामा वैतागून म्हणाले. ‘‘भरून ठेवू नको का?’’